वाढत्या किलोचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चकलीची भाजणी किती भाजावी हे विचाराल तर तासभर बोलेन. पण असे समोर उभे राहून बोलायचे म्हटले की पाय कापतात. तरी चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तो चकल्यांचा हिशेब यंदा सर्वांना सांगच, स्मरणिकेतही छापू," म्हणून उभी राहिले आहे. विषयाचे नाव भारी आहे. कॉलेजात वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्या वर्षी जे कॅल्क्युलस शिकवितात, ज्याला मराठीत कलन म्हणतात, त्याविषयी मी बोलणार आहे. आता हसू नका! माझे शिक्षण सातवी. गावात शाळा सातवीपर्यंतच होती व पुढची शाळा पाच किलोमीटरवर. मुलीच्या जातीला एवढे कोण पाठविणार? तेव्हा मी जे सांगेन ते मास्तरांच्या भाषेत नसेल. पण जेवढे सांगेन तेवढे मला पुरते कळलेले आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींना मागची गोष्ट ठाऊकच आहे. तरी नव्या सभासद आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. मंडळाने दिवाळीच्या चकल्यांचे काम २०२१ साली सुरू केले. त्या वर्षी आपण १०० किलो चकली केली. मजुरी, वाणसामान, जागेचे भाडे सगळे धरून खर्च ३३ हजार आला, विक्री ४० हजारांची झाली व ७ हजार शिल्लक राहिले. २०२२ साली २०० किलो केली. खर्च ६८ हजार, विक्री ८० हजार, शिल्लक १२ हजार. वरचे सुटे रुपये व भावातला थोडाफार फरक मी सोडून देते आहे. दर तिन्ही वर्षे किलोला ४०० रुपयेच होता. मग २०२३ च्या दिवाळीला मागणी आली ३०० किलोंची. मीच पुढे होऊन म्हटले, घेऊ या. खर्च झाला १ लाख १३ हजार, विक्री १ लाख २० हजार, आणि शिल्लक? पुन्हा ७ हजार.

जानेवारीच्या सभेत मी हा जमाखर्च वाचला तेव्हा कोणी काही बोलले नाही. त्या न बोलण्याची मला अजून आठवण आहे. नंतर जिन्यात बोलणे झाले, ते माझ्या कानावर आले. बोलणे अगदी सरळ हिशेबाचे होते. पहिल्या शंभराला सात, दुसऱ्या शंभराने त्यात पाच वाढविले, तर तिसऱ्या शंभराने आणखी पाच वाढवून सतरा व्हायला हवे होते. निघाले सातच. मग मधले दहा हजार गेले कुठे? वही माझ्याजवळ, पैसे माझ्या हातून गेलेले.

भगिनींनो, मी कोणाला दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारले असते. माझ्याजवळ पावत्या होत्या. एकूण एक पावती होती. पण पावतीने पैसा खर्च झाला एवढेच कळते. का झाला ते कळत नाही, आणि माझे मलाच ते सांगता येत नव्हते. मी पुन्हा पुन्हा भागाकार करून पाही. १ लाख १३ हजार भागिले ३०० म्हणजे किलोला सुमारे ३७७ रुपये. विकली ४०० ला. किलोमागे २३ रुपये सुटतच आहेत! मग चुकले कुठे? रात्री सगळे निजले की मी वही काढून बसे. यांनी एकदा वैतागून म्हटले, "सोड ते मंडळ. घरच्या भाकरी करून लोकांचे ऐकून कशाला घ्यायचे?" मी वही दुसऱ्या बाईंच्या हवाली केली व सभेला जाणे कमी केले.

त्याच वर्षी आमच्या मुलीने बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती. जूनमध्ये निकाल लागला आणि गणितात तिला के. टी. लागली. तिने ते आठ दिवस लपविले. कळले तेव्हा तिचे एकच पालुपद, "मला नाही जमत. मी मोबाइलच्या दुकानात नोकरी धरते." वडिलांना सांगण्याची तिला भीती, आणि खरे सांगते, मलाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले व म्हटले, "मला दाखव तरी, एवढे काय आहे त्या पेपरात."

"तुला काय कळणार, आई? कॅल्क्युलस आहे. कोणाच्या काही कामाचे नसते ते."

तरी तिने पुस्तक उघडले. त्यात एक उदाहरण होते. एका कारखानदाराला एक्स इतके नग करण्यास अमुक इतका खर्च येतो, तर सीमांत खर्च काढा. शाळेत आम्ही क्ष म्हणत असू, त्यालाच आता एक्स म्हणतात. मी विचारले, "सीमांत खर्च म्हणजे काय ग?" तिने पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखविले, एकूण खर्चाचे अवकलन म्हणजे सीमांत खर्च. "पण म्हणजे काय?" तेव्हा ती अडली. पुस्तक चाळून म्हणाली, "आणखी एक नग केला तर वाढणारा खर्च."

आणखी एक. सरासरी नव्हे, वाढता एक! मी उठले आणि पावत्यांची पिशवी घेऊन आले. म्हटले, "नग म्हणू नकोस. किलो म्हण, चकली म्हण, आणि हे मला आपल्या पिशवीतून काढून दाखव."

पहिली गोष्ट तर कॅल्क्युलसशिवायच उघडी पडली. तिने तीन वर्षांचे खर्च एकाखाली एक मांडले, ३३ हजार, ६८ हजार, १ लाख १३ हजार, व त्यांच्या वजाबाक्या केल्या. दुसऱ्या शंभर किलोंना ३५ हजार लागले. तिसऱ्या शंभरांना ४५ हजार. विक्री मात्र दर शंभराची ४० हजारच. म्हणजे दुसऱ्या शंभरात आपण ५ हजार मिळविले आणि तिसऱ्या शंभरात ५ हजार घालविले. ४५ व ३५ यांत किती फरक आहे तो पाहा. दहा हजार. जिन्यात ज्यांची चर्चा झाली तेच हे दहा हजार, माझ्यासमोर कागदावर पडलेले होते.

मग मी एकेक पावती पुन्हा काढली. दोनशे किलोंपर्यंत काम दिवसा उरकत होते. पुढचे काम रात्रीवर गेले. रात्रीची मजुरी दीडपट. बायकांना घरी सोडायला रिक्षा. हॉटेलवाल्यांचा तो निळा सिलिंडर आयत्या वेळी जादा पैशाने आणला. तेल काळे पडले म्हणून दोनदा बदलले. आणि दमल्या हाताने सोऱ्या दाबला की चकली तुटते. तो चुरा विकता येत नाही, तो आपण घरोघर चहाबरोबर खाल्ला. सगळे खर्च खरे होते, पण सगळे तिसऱ्या शंभराचे होते. मी मात्र ते तीनशे किलोंवर सारखे पसरून सरासरी काढीत होते. सरासरीने ते झाकून टाकले.

आता तुम्ही म्हणाल, हे वजाबाकीने कळले, मग कॅल्क्युलस कशाला? मीही तेच विचारले. मुलगी म्हणाली, तिसऱ्या शंभरात तोटा झाला हे कळले. पण थांबायला कुठे हवे होते? १८० वर, २०० वर, की २५० वर? तेवढ्यासाठी प्रत्येक किलोचा वाढता खर्च कळायला हवा.

पुस्तकात खर्चाचे सूत्र आयते छापलेले असते. मला हा त्या अभ्यासातला मोठा दोष वाटतो. आपल्याला ते कोण देतो? आमच्या मुलीने ते आमच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून जुळविले. तीन आकडे, तीन अज्ञात संख्या. त्यात तिचे दोन दिवस गेले, पण त्या दोन दिवसांत ती जेवढे शिकली तेवढे वर्षात शिकली नव्हती. सूत्र असे आले: ८ हजार, अधिक किलोंची दोनशेपट, अधिक किलोंच्या वर्गाची निम्मी. पडताळून पाहा. १०० किलो धरा. ८ हजार, अधिक २० हजार, अधिक १०० चा वर्ग १० हजार त्याचे निम्मे ५ हजार. झाले ३३ हजार. घरी गेल्यावर २०० व ३०० धरूनही करून पाहा.

यातले ८ हजार म्हणजे जागेचे व मोठ्या कढयांचे भाडे. दोनशेपट म्हणजे भाजणी, तेल, दिवसाची मजुरी. आणि वर्गाचा तो तुकडा म्हणजे आपली दमणूक, असे मी त्याचे नाव ठेवले आहे. काम थोडे असते तेव्हा तो दिसतही नाही. काम वाढले की तोच सगळ्यांत पुढे येऊन बसतो.

आता वाढता खर्च. २०० किलोंना ६८ हजार. २०१ किलोंना सूत्राने येतात ६८ हजार ४०० रुपये ५० पैसे. म्हणजे वाढत्या किलोला ४०० रुपये ५० पैसे. पण एक किलोच का वाढवायचा? पाव किलो वाढवून किलोचा दर काढला तर येतो ४०० रुपये साडेबारा पैसे. शंभर ग्रॅम वाढवून काढला तर ४०० रुपये ५ पैसे. तुकडा जितका लहान घ्याल तितका दर ४०० च्या जवळ जातो. ४०० च्या खाली मात्र जात नाही. हा जो शेवटी ४०० चा आकडा ठरतो, तेच अवकलन. एवढेच! माझी मुलगी वर्षभर नियम घोकीत होती, वर्गाचे दुप्पट करा, साध्या पदाचा नुसता आकडा ठेवा, स्थिर पदाचे शून्य. शून्य का, हे तिला कधी कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "अग, भाडे तर आधीच भरलेले आहे. वाढत्या किलोने भाडे थोडेच वाढते?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. नियमाने आमचे सूत्र अगदी सोपे झाले. ज्या किलोवर उभे असाल त्यात २०० मिळवा, तो तेथला वाढता खर्च. शंभराव्याला ३००, दोनशेव्याला ४००, तीनशेव्याला ५००. आणि आपण तो तीनशेवा किलो ४०० ला विकीत होतो!

म्हणजे थांबायला हवे होते ते २०० वर, जेथे वाढता खर्च व दर बरोबरीला येतात. त्याच्या अलीकडे प्रत्येक किलो शिलकेत काही तरी घालतो, पलीकडे काढून घेतो. झोका वर जातो, वरच्या टोकाला क्षणभर ना वर ना खाली असा थांबतो व मग परततो, तसे शिलकेचे आहे. टोकाला तिची वाढ शून्य असते. म्हणूनच १०० किलोंनाही ७ हजार आणि ३०० किलोंनाही ७ हजार. झोक्याच्या दोन बाजूंना सारख्याच उंचीवर आपण उभ्या होतो; फक्त दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी आपण रात्री जागविल्या.

यात मला फार आवडलेली एक गंमत सांगते. टोकाजवळ झोका फार हळू हलतो. १९० किलो केली तर शिलकेत किती कमी पडते? फक्त ५० रुपये. २१० केली तरी ५० च रुपये. तेव्हा एखादी शेजारीण उशिरा येऊन "मला पाच किलो द्याच हो" म्हणाली, तर तिच्याशी वाद घालू नका, देऊन टाका. वाद १०० किलोंच्या वेळी घाला.

पुस्तकाच्या शेवटी उलटा रस्ताही आहे, त्याला समाकलन म्हणतात. एकेका किलोचे वाढते खर्च मिळवीत गेले की एकूण खर्च परत मिळतो. २०० किलोंपर्यंतचे असे मिळविले तर ६० हजार येतात, ६८ नव्हे. ८ हजारांचे भाडे त्यात येतच नाही. जे आधी शून्य होऊन गेले ते परत कसे येणार? ते बाहेरून आणून लिहावे लागते. मुले तेवढेच लिहायला विसरतात आणि गुण जातो. आमच्या मुलीचेही गेले होते. आता ती म्हणते, "भाडे विसरायचे नाही."

हे शास्त्र साहेबाचे, असे मी समजत होते. सतराव्या शतकात न्यूटन व लाइबनिट्स यांनी ते रचले, हे खरे. व्यापाराला ते नीट जोडले कुर्नो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने, १८३८ सालच्या पुस्तकात. त्याचे उदाहरण मोठे गोड आहे. एका माणसाच्या मालकीचा औषधी पाण्याचा झरा आहे. पाणी काढायला खर्च काही नाही. तर बाटली कितीला विकावी? भाव फार ठेवला तर कोणी घेत नाही, अगदी कमी ठेवला तर हाती काही लागत नाही. मध्ये कुठे तरी टोक आहे, ते अवकलन शून्य करून काढायचे. आपल्या चकलीचाच प्रश्न तो.

पण मला खरे नवल वाटले ते पुढे. माझे माहेर चाळीसगावकडचे. लहानपणी पाटणादेवीच्या यात्रेला आम्ही बैलगाडीतून जात असू. त्या पाटण गावी एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला, त्याचा तो लेख. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यांनी ग्रहाची त्या क्षणाची गती, तात्कालिक गती, कशी काढावी याचा विचार केला आहे, आणि एखादे फल कमाल असते तेथे त्याचा बदल शून्य होतो, हेही त्यांना दिसले होते. म्हणजे आमचा झोका! आम्ही त्या गावी नारळ फोडून, खेळणी घेऊन परत येत असू. कोणी सांगितले नाही, आणि सातवीपर्यंतच्या पुस्तकातही मला ते भेटले नाही. असो.

ऑगस्ट २०२४ च्या सभेत मी हा सगळा हिशेब फळ्यावर खडूने मांडला. मुलीला मुद्दाम नेले नाही. म्हटले, ती बोलली तर लोक म्हणतील आईने मुलीकडून वदविले. हात थरथरत होता, एक वजाबाकीही चुकले. खजिनदारबाईंनी ती दुरुस्त केली. माझे झाल्यावर एक बाई, नाव सांगत नाही, त्या येथे बसल्या आहेत, म्हणाल्या, "म्हणजे तिसऱ्या शंभराला आपण रात्री दीड दीड वाजेपर्यंत पदरचे पैसे घालून तळत होतो म्हणायचे!" सगळ्या हसल्या. त्याच बाईंनी मग आत जाऊन वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. दोघीही काही बोललो नाही.

त्या दिवाळीला २०० वरच थांबायचे का, यावर मात्र बराच वाद झाला. मागणी परत पाठवायची कोणाच्या जिवावर येते? तेव्हा मी म्हटले, सूत्र हे काही देवाने लिहून दिलेले नाही. दमणुकीचा तुकडा कमी करा, टोक आपोआप पुढे सरकेल. मग आपण दहा दिवस आधी सुरुवात केली, रात्रपाळी बंद ठेवली, दोन बायका दिवसा वाढविल्या आणि सिलिंडर आधीच सांगून ठेवला. २५० किलो चकली झाली आणि शिल्लक १४ हजारांवर गेली. एकीलाही रात्री रिक्षाने सोडावे लागले नाही. जुने सूत्र आता चालणार नाही, नवे जुळवावे लागेल, हे मुलीने बजावलेच आहे.

तिचा तो पेपर सुटला. १०० पैकी ५८ मिळाले. वडिलांना के. टी. ची हकिकत त्याच दिवशी पेढ्याबरोबर सांगितली. ते रागावले ते नापास झाल्याबद्दल नव्हे, आठ दिवस लपविल्याबद्दल. आता ती पुढच्या वर्गात आहे, आणि माझी एक तक्रार अशी की, बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करू लागले की ती मागून "आई, सीमांत, सीमांत" असे कुजबुजते.

शेवटी एक कामाची विनंती. यंदा नवे सूत्र जुळवायचे तर प्रत्येक घाण्याला किती वेळ लागला, किती चकल्या तुटल्या व तेल केव्हा बदलले, याची नोंद हवी. शेगडीजवळ भिंतीला एक वही व दोरीला पेन्सिल बांधून ठेवली आहे. पिठाचे हात असतील तर शेजारणीला लिहायला सांगा. पण घाणा उतरला की लगेच लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे मी धरणार नाही.